डोंबिवली स्टेशनाचा आकडा

(काळा फळा. खडू नऊ वेळा १ लिहितो. खाली पुन्हा तेच, आणि गुणाकाराची फुली.)

शाळेत शिकलो तसाच गुणाकार. एकानं गुणायचं, म्हणजे दर ओळीत तेच नऊ एक उतरवायचे, फक्त एकेक घर डावीकडे सरकवून. नऊ ओळींची उतरंड होते. आता बेरीज. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १. दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. अगदी मधल्या घरात नऊ एक एकावर एक उभे, आणि तिथून पुढे पुन्हा एकेक कमी.

१२३४५६७८९८७६५४३२१.

कुठेही हातचा आला नाही. सगळी गंमत तेवढ्यातच आहे.

संख्या सतरा अंकी. ‘लीलावती’तल्या स्थानांची नावं लावली तर डावीकडचा पहिला १ ‘मध्य’च्या घरात बसतो, पुढचं घर थेट परार्धाचं. एक्सेलला मात्र ती पेलत नाही. पंधरा अंक ठेवून शेवटच्या २१ च्या जागी तो खुशाल दोन शून्यं मांडतो.

(डोंबिवली स्टेशन. सकाळची गर्दी.)

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. देवळालीत शाळामास्तर. लोक त्यांना ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे ओळखतात, पण संख्यांचं आणखी एक घराणं त्यांना सुचलं ते या स्टेशनात. स्टेशनाला तेव्हा डेम्लो म्हणत, म्हणून या संख्यांचं नाव ठेवलं डेम्लो.

नियम साधा. संख्येचे तीन तुकडे करा. पहिला आणि शेवटचा मिळवला की मधल्या तुकड्यात असलेलाच अंक ओळीनं यायला हवा. ४७७३० घ्या : ४७ आणि ३० मिळून ७७, मध्ये ७. आता आपली संख्या. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९. आणि मध्ये उभा आहे ९.

अंकांची बेरीज करा : ८१. त्या ८१ नं संख्येला पूर्ण भागही जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी नाव दिलं हर्षद, आनंद देणाऱ्या. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि त्याचं वर्गमूळ १२३४५६७९. नीट बघा, यात आठ नाही.

मग दहा एक घेतले तर?

(फळ्यावर उतरंड एका ओळीनं वाढते.)

मधल्या घरात दहा. शून्य लिहा, हातचा एक. शेजारी नऊ होते, त्यात तो एक मिळवला, पुन्हा दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्याच्या डावीकडचे आठ झाले नऊ.

१२३४५६७९००९८७६५४३२१.

उलटसुलट सारखं वाचणं संपलं. उजवीकडचा आठ जागेवर आहे, डावीकडचा नाही. मघाच्या १२३४५६७९ मधला आठही असल्याच हातच्यानं गिळलेला.