ही वस्तू इथे कशी आली?

नमस्कार. परदेशातल्या संग्रहालयांवर बोलायचं म्हटलं की लोक वही-पेन काढून बसतात, कारण यादी मिळेल असं वाटतं. याद्या भरपूर मिळतात. मी आज तुम्हाला फक्त एक प्रश्न देणार आहे. कुठल्याही दालनात, कुठल्याही वस्तूपुढे उभे राहाल तेव्हा मनात विचारा, ही इथे कशी आली? ती काय आहे, किती जुनी आहे, कुणी घडवली, हे फलकावर ठळक लिहिलेलं असतं. कशी आली ते बहुतेक वेळा खाली बारीक अक्षरात असतं. माझ्या आठवणीत वर्षानुवर्षं टिकलेल्या ओळी या बारीक अक्षरातल्याच आहेत.

पॅरिसच्या लूव्रमध्ये 'मोनालिसा'च्या दालनात पाय ठेवायला जागा नसते. चित्र लहानसं, ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ रुंद. सगळ्यांचे हात वर, हातात फोन. अशा वेळी गर्दीकडे तोंड करून मागे वळा. समोरच्या भिंतीवर जवळपास दहा मीटर रुंदीचं, लूव्रमधलं सगळ्यात मोठं रंगचित्र आहे, वेरोनेजे या इटालियन चित्रकाराचं 'काना इथलं लग्न', बायबलमधल्या लग्नाच्या मेजवानीचं. व्हेनिसमधल्या एका मठाच्या भोजनगृहासाठी ते काढलं गेलं आणि १५६३ मध्ये पूर्ण झालं. दोनशेहून जास्त वर्षं तिथले साधू या मेजवानीसमोर बसून जेवत होते. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते कापून, गुंडाळून पॅरिसला आणलं. नेपोलियन हरल्यानंतर लुटीतली बरीच चित्रं मायदेशी परत गेली, हे गेलं नाही. त्या भोजनगृहाच्या भिंतीवर २००७ मध्ये त्याच मापाची प्रतिकृती लावली गेली. आणि मोनालिसा? लिओनार्दो फ्रान्सच्या राजाच्या बोलावण्यावरून तिकडे राहायला गेला, तेव्हा ती त्याने स्वतः बरोबर नेली असं मानलं जातं. एक चित्र चित्रकाराबरोबर आलं, दुसरं सैन्याबरोबर. आज दोन्ही समोरासमोर आहेत.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला रोझेटा शिलालेख तर हे उत्तर स्वतःच्या अंगावरच बाळगून आहे. इसवी सनपूर्व १९६ मधला हा दगड १७९९ मध्ये फ्रेंच सैनिकांना इजिप्तमध्ये सापडला. एकच आज्ञा तीन लिप्यांमध्ये कोरलेली असल्यामुळे १८२२ मध्ये शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाला प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचं कोडं उलगडता आलं. लोक समोरून बघतात आणि पुढे जातात. तुम्ही बाजूला जा. कडांवर इंग्रजीत रंगवलेली अक्षरं आहेत. एका कडेवर, ब्रिटिश सैन्याने १८०१ मध्ये इजिप्तमध्ये ताब्यात घेतला. दुसऱ्या कडेवर, राजा तिसऱ्या जॉर्जची भेट. म्हणजे या दगडावरच्या लिप्या आता चार झाल्या, आणि ही चौथी वाचायला शांपोलियों लागत नाही. ज्यांचा दगड, त्यांचं नाव त्या भेटीत कुठेच येत नाही. मला ते खटकलं, आजही खटकतं.

आता स्टॉकहोम. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण वासा हे माझ्या मते जगातलं सगळ्यात विलक्षण संग्रहालय आहे. आत शिरलात की अंधूक उजेडात वासा नावाच्या लाकडी युद्धनौकेचं अख्खं धूड समोर उभं राहतं. १० ऑगस्ट १६२८ ला ती पहिल्यांदा निघाली आणि साधारण १३०० मीटर जाऊन, बंदरातच, लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाली. तोफांचे दोन मजले, ६४ तोफा, आणि त्या मानाने बूड अरुंद. वाऱ्याचा झोत आला, जहाज कललं, तोफांसाठी उघड्या ठेवलेल्या झडपांमधून पाणी आत घुसलं. निघण्याआधी तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून चाचणी घेतली होती. जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणी मध्येच थांबवली. तरीही ते निघालं, कारण स्वीडनचा राजा गुस्ताव आडोल्फ लढाईवर होता आणि त्याला घाई होती. चौकशी झाली, शिक्षा कुणालाच झाली नाही.

पण ते इथे कसं आलं? बाल्टिक समुद्राचं पाणी इतकं कमी खारट आहे की लाकूड पोखरणारा जहाजकिडा तिथे जगत नाही. दुसऱ्या एखाद्या समुद्रात हे लाकूड केव्हाच फस्त झालं असतं. १९५६ मध्ये आंदेर्श फ्रान्सेन या संशोधकाच्या दोरीला बांधलेल्या नमुना-नळीतून काळं पडलेलं ओक लाकूड वर आलं आणि जागा सापडली. नौदलाच्या डायव्हरांनी जहाजाच्या खालून चिखलात सहा बोगदे खणले. वर ते प्रचंड ओझं, पाण्यात हाताला हात दिसत नाही, अशा अवस्थेत तिथे काम करणाऱ्या माणसांची कल्पना करा. बोगद्यांतून पोलादी दोर ओवले आणि २४ एप्रिल १९६१ ला, ३३३ वर्षांनी, वासा पाण्यावर आलं. पुढे सतरा वर्षं त्याच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकोल नावाचं रसायन फवारत राहिले, कारण भिजलेलं लाकूड नुसतं वाळवलं असतं तर आक्रसून तडकलं असतं. सतरा वर्षं नुसती फवारणी! हे वाचल्यावर मी जहाजाभोवती पुन्हा एक फेरी मारली आणि या वेळी कोरीवकामाऐवजी फळ्या बघत होतो.

मध्येच थोडं कामाचं. लूव्र मंगळवारी बंद असतं, त्याच गावातलं ओर्से सोमवारी. ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक हाउसचं तिकीट ऑनलाइनच आणि ठरावीक वेळेचं मिळतं, दारात जाऊन मिळत नाही. आणि एका दिवसात एकच मोठं संग्रहालय बघा. दुसऱ्यात पाय आणि डोळे दोन्ही साथ देत नाहीत.

हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयात एक गंजलेली तीनचाकी सायकल आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी चार वर्षांचाही नसलेला एक मुलगा घरापुढे तिच्यावर खेळत होता. त्याच रात्री तो गेला. इतक्या लहान पोराला लांब थडग्यात एकटं ठेवायचं बापाच्या जिवावर आलं, म्हणून त्याने त्याला परसातच पुरलं, बरोबर सायकलही. चाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये, बापाने त्याच्या अस्थी घराण्याच्या थडग्यात हलवल्या आणि सायकल संग्रहालयाला दिली. तिच्यापुढे मी किती वेळ उभा होतो, मला सांगता येणार नाही.

आणि ज्याचं तिकीट आधी काढायला सांगितलं ते ॲन फ्रँक हाउस. १९६० मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. ॲन ही ज्यू मुलगी कुटुंबासह नाझींपासून ज्यांत लपून राहिली, त्या मागच्या भागातल्या खोल्या रिकाम्या आहेत. कुटुंबाला पकडून नेल्यावर सामानही उचलून नेलं होतं. छळछावणीतून एकटे परत आलेले वडील, ऑटो फ्रँक, यांची इच्छा होती की खोल्या तशाच राहाव्यात. त्यामुळे इथे बघायला भिंतीच आहेत. एका भिंतीवर पेन्सिलीच्या छोट्या आडव्या रेघा आहेत. लपून काढलेल्या दोन वर्षांत आईवडील मुलींची उंची मोजत होते. ॲन तेवढ्या काळात १३ सेंटिमीटरने वाढली. मी सवयीने विचारलं, हे इथे कसं आलं? या रेघा कुठूनही आलेल्या नाहीत. त्या इथेच ओढल्या गेल्या.