बो-कापची आफ्रिकान्स

(दृश्य : विजेच्या खोक्यावरची पिवळी पाटी, त्यामागे टेबल माउंटन)

पाटीवर इंग्रजी शब्दाशेजारी दुसरा एक शब्द आहे, आफ्रिकान्स भाषेतला. इंग्रजीच्या सवयीनं वाचलं तर ‘गेवार’. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनमध्ये त्याचा उच्चार ‘खफार’. अर्थ, धोका! रोमन ‘जी’ इथं घशातून येतो, खाकरून घसा मोकळा करावा तसा. ‘व्ही’ दिसला की ‘फ’ म्हणायचं, ‘डब्ल्यू’ दिसला की ‘व’, आणि ‘जे’ दिसला की ‘य’.

(दृश्य : संध्याकाळचा वर्ग, फळा)

बाकांवर बसलेले सगळे इंग्रजी बोलणारे. फळ्यावर आहे : एक अस, येय अस, हेय अस, ऑन्स अस, यला अस, हला अस. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. कर्ता बदलला तरी क्रियापद जागचं हलत नाही. नामांना लिंगही नाही. भूतकाळासाठी ‘हेट’ घ्यायचं आणि क्रियापदाच्या आधी ‘ख’ जोडून त्याला वाक्याच्या शेवटी पाठवायचं. ‘एक हेट खस्टर खवेर्क’, मी काल काम केलं. शेवटी येणारं क्रियापद आपल्या मराठी कानाला सवयीचं आहे. हा वर्ग मात्र तिथंच अडखळतो.

(दृश्य : विद्यार्थिनीचा चेहरा, ती वाक्य पुन्हा म्हणते)

‘एक प्राट नी एङल्स नी.’ मी इंग्रजी बोलत नाही. नकार दोनदा आला, तरी त्याचा होकार होत नाही. पहिला ‘नी’ नाकारतो, दुसरा वाक्य बंद करतो. वाक्य पहिल्या ‘नी’वरच संपत असेल, तर दुसरा लागत नाही : ‘एक विअट नी’, मला माहीत नाही. शिकणाऱ्यांकडून शेवटचा ‘नी’ हमखास राहून जातो.

(दृश्य : बो-कापचा चढ, गुलाबी, हिरवी, निळी घरं, मशिदीचा मिनार)

आणि ही भाषा घडली कुठं, हे पाहायला बो-कापच्या, केप टाउनमधल्या या जुन्या मुस्लिम वस्तीच्या, चढावर यायलाच हवं. 1652 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी केपला उतरली. तिनं इंडोनेशियाच्या बेटांवरून, बंगाल, मलबार आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यांवरून, मादागास्करहून माणसं गुलाम करून आणली. त्या माणसांनी आणि इथले मूळ रहिवासी असलेल्या खोईखोईंनी मालकांची डच आपल्या तोंडात वळवली. पुढे तिला ‘स्वयंपाकघरातली बोली’ म्हणून हिणवलं गेलं. पण त्याच स्वयंपाकघरातून मलाय भाषेतले शब्द तिच्यात आले : केळ्याला ‘पिसांग’, बशीला ‘पिरिंग’, पुष्कळला ‘बाया’. शब्द दोनदा म्हणण्याची लकबही बरेच अभ्यासक मलायशी जोडतात. ‘लाख-लाख’ म्हणजे हसत-हसत, ‘खौ-खौ’ म्हणजे पटकन. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

(दृश्य : अरबी लिपीतलं पान, जवळून)

हे पान नीट पाहा. लिपी अरबी, भाषा आफ्रिकान्स. बो-कापच्या मदरशांत मुलं असं लिहीत होती. ओटोमन विद्वान अबू बक्र एफेंदी इथं आले आणि त्यांनी धर्माचरणावर आफ्रिकान्समध्ये ग्रंथ लिहिला. तो 1877 मध्ये इस्तंबूलला छापला गेला. अरबी लिपीत स्वरचिन्हं घालून लिहिल्यामुळे केपचे मुस्लिम तेव्हा शब्द कसे उच्चारत, ते त्यातून आजही कळतं. शुद्धलेखनाच्या डच वळणानं जे झाकलं, ते या पानांनी जपलं.

(दृश्य : पार्ल, डोंगरावरचं भाषा-स्मारक, ड्रोनमधून)

1875 मध्ये केप टाउनजवळच्या पार्ल गावात गोऱ्यांची भाषासंस्था स्थापन झाली. 1925 मध्ये आफ्रिकान्स राजभाषा झाली. 1975 मध्ये हे स्मारक खुलं झालं. त्यातला उंच सुळका भाषेच्या वाढीचा. मलाय वारशाच्या वाट्याला पायऱ्यांजवळची एक भिंत आली. पुढच्याच वर्षी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत शाळकरी मुलं सक्तीच्या आफ्रिकान्सविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

(दृश्य : केप फ्लॅट्स, टॅक्सीथांबा, गप्पा मारणारी पोरं)

वर्गातला ‘येय’ इथं ‘जेय’ होतो. ही काप्स, केपच्या कष्टकरी वस्त्यांची आफ्रिकान्स. एकूण आफ्रिकान्स घरी बोलणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा इतरच जास्त आहेत. काप्सच्या त्रिभाषिक शब्दकोशाचं काम 2021 मध्ये वेस्टर्न केप विद्यापीठात जाहीर झालं. वर्गातल्या शिक्षिका दोन्ही उच्चार ऐकवतात. फळ्यावर प्रमाण रूप लिहितात, पण विद्यार्थ्यानं ‘जेय’ म्हटलं तर ते चूक धरत नाहीत.