लाव्ह्यावर उभं राहिलेलं विद्यार्थ्यांचं मैदान

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकचा विषय निघाला की खेळाची आवड असलेला माणूस धडाधड नावं सांगतो. बॉब बीमनची लांब उडी, फॉस्बरीची पाठीवरची उंच उडी, विजयमंचावर काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावणारे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस. हे सगळं ज्या मैदानावर घडलं ते कोणाच्या मालकीचं, असं विचारलं तर मात्र बहुतेक जण ‘अझ्टेका’ म्हणतात. अझ्टेका वेगळं. मॅराडोनाने 1986 चा विश्वचषक उंचावला ते. ते खासगी मालकीचं, फुटबॉलसाठी बांधलेलं, आणि तिथे धावपट्टीच नाही. ऑलिम्पिकचं उद्घाटन आणि धावण्या-फेकण्या-उड्यांच्या स्पर्धा झाल्या त्या मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाच्या मैदानावर. त्याचं नावच ‘एस्तादिओ ओलिंपिको उनिवर्सितारिओ’, म्हणजे विद्यापीठाचं ऑलिम्पिक स्टेडियम. मला आज या मालकीबद्दलच बोलायचं आहे. कारण ते मैदान विद्यापीठाचं होतं हे लक्षात घेतलं नाही, तर 1968 ची अर्धी गोष्ट आपल्या हातून निसटते.

सुरुवात जमिनीपासून करू. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला शित्ले नावाचा एक लहानसा ज्वालामुखी आहे. साधारण सतराशे वर्षांपूर्वी त्याचा उद्रेक झाला आणि लाव्ह्याने मोठा परिसर झाकून टाकला. कुइकुइल्को नावाची एक जुनी वस्ती, तिथल्या गोल पिरॅमिडसकट, त्याखाली गेली. आपण महाराष्ट्रातली माणसं काळ्या पाषाणावरच वाढतो, पण आपला दगड साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्यावर माती तयार झाली, त्यात ज्वारी आणि कापूस पिकला. तिथला दगड त्या मानाने कालचा. माती जवळजवळ नाही, सगळीकडे भेगा आणि कपारी, त्यात निवडुंग, सरडे, साप. या भागाला ‘पेद्रेगाल’ म्हणतात. शेती होत नाही, रस्ता काढणं अवघड, म्हणून शतकानुशतकं तो तसाच पडून होता.

विद्यापीठ तेव्हा जुन्या शहराच्या मध्यात होतं. एक विभाग या वाड्यात, दुसरा त्या गल्लीत. 1929 मध्ये त्याला स्वायत्तता मिळाली होती. विद्यार्थी वाढत होते, जागा पुरत नव्हती. चाळीसच्या दशकात ठरलं की पेद्रेगालच्या लाव्ह्यावर नवी विद्यापीठनगरी वसवायची. मारिओ पानी आणि एन्रिके देल मोराल हे दोन वास्तुरचनाकार मुख्य आराखड्याचे प्रमुख. पण ज्या कल्पनेवर तो आराखडा उभा राहिला ती वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांची होती. त्यातला एक, तेओदोरो गोन्सालेस दे लेओन, पुढे मेक्सिकोतला फार मोठा वास्तुरचनाकार झाला. विद्यार्थ्यांचं काम बाजूला न टाकता त्यावर गुरूंनी नगरी उभी करावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

स्टेडियमची जबाबदारी आउगुस्तो पेरेस पालासिओस, राउल सालिनास मोरो आणि होर्खे ब्रावो हिमेनेस या तिघांकडे आली. इन्सुर्खेन्तेस या हमरस्त्याच्या पूर्वेला ग्रंथालय आणि कुलगुरूंचं कार्यालय, पश्चिमेला स्टेडियम. त्या काळी मोठं स्टेडियम म्हणजे काँक्रीटचे खांब, तुळया आणि त्यावर तोललेल्या गॅलऱ्या. या तिघांनी वेगळा मार्ग धरला. मैदान भोवतालच्या जमिनीपेक्षा खोल घेतलं. खोदकामात निघालेली माती आणि दगड बाजूला रचून त्याचे उतार केले, ते ठोकून घट्ट केले आणि त्याच उतारांवर प्रेक्षकांच्या पायऱ्या बसवल्या. बाहेरून पेद्रेगालचाच काळसर दगड लावला. कोलंबसाच्या आधीच्या मेक्सिकोत पिरॅमिड बांधताना हेच करत, आत भराव आणि बाहेर दगड. काठाची उंचीही सगळीकडे सारखी ठेवली नाही. लांबीच्या दोन बाजूंना तो वर चढतो आणि टोकांकडे खाली उतरतो. लांबून पाहिलं तर एखाद्या ज्वालामुखीचं मुख वाटावं. ज्या लाव्ह्याने एक वस्ती गिळली त्याच लाव्ह्यातून सत्तर हजार माणसं बसतील अशी वास्तू तयार झाली, आणि तीही दोनेक वर्षांत. 20 नोव्हेंबर 1952 ला, मेक्सिकन क्रांतीच्या स्मरणदिनी, तिचं उद्घाटन झालं.

पूर्वेकडच्या बाहेरच्या भिंतीवर दिएगो रिवेरा यांचं उठावचित्र आहे. रंग लावलेला नाही, नैसर्गिक रंगांचे दगड जुळवून ते घडवलं आहे. विषय: विद्यापीठ, कुटुंब आणि खेळ. मध्यभागी विद्यापीठाच्या चिन्हातले गरुड आणि काँडोर, म्हणजे दक्षिण अमेरिकेतलं मोठं गिधाड, पंख पसरून आहेत. त्यांच्या पंखांखाली आई आणि वडील, आणि त्यांच्यामध्ये शांतीचं कबुतर घेतलेलं मूल. बाजूला ज्योत पेटवणारे खेळाडू, खाली पिसांचा सर्प केत्झालकोआत्ल. रिवेरांना स्टेडियमची सबंध भिंत अशी मढवायची होती. काम मधल्या भागापुरतंच झालं. 1957 मध्ये ते गेले आणि उरलेला दगड कोराच राहिला.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ते केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. याच रिवेरांनी वीसच्या दशकात मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंती रंगवल्या. त्यात ‘आमची भाकरी’ असं एक चित्र आहे, आणि त्या चित्रात एक मराठी माणूस आहे: डॉ. पांडुरंग खानखोजे. जन्म वर्ध्याचा. गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रज सरकार मायदेशी परतू देईना, म्हणून देशोदेशी हिंडत मेक्सिकोला पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या वाणांवर त्यांनी मोलाचं काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. त्याच चापिंगोत रिवेरा प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवत होते. दोघांची मैत्री झाली. चापिंगोत 2022 मध्ये खानखोज्यांचा पुतळाही उभा राहिला. विदर्भातल्या किती शाळांमध्ये त्यांचं नाव मुलांना ठाऊक आहे, हा प्रश्न मला छळतो. असो. स्टेडियमच्या भिंतीवर खानखोजे नाहीत. पण ज्या हातांनी ती भिंत घडवली ते हात आपल्या एका माणसाला ओळखत होते.

1955 मध्ये इथे पॅन-अमेरिकन, म्हणजे उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या, स्पर्धा झाल्या. 1963 मध्ये ऑलिम्पिकचा मान मेक्सिकोला मिळाला. लॅटिन अमेरिकेत ऑलिम्पिक पहिल्यांदाच येत होतं. सरकारने प्रतिष्ठा पणाला लावली. शहरभर पांढऱ्या कबुतरांची चित्रं लागली आणि घोषवाक्य होतं, ‘शांततेत सगळं शक्य आहे’.

आता 1968 चा उन्हाळा बघा. जुलैच्या शेवटी शहरातल्या दोन शाळांच्या मुलांमध्ये मारामारी झाली. दंगलविरोधी पोलिसांनी मुलांना बेदम मारलं. निषेध सुरू झाला, तेव्हा सैन्याने सान इल्देफोन्सो या विद्यापीठाच्याच जुन्या शाळेचा शेकडो वर्षांचा लाकडी दरवाजा बझुकाने उडवला. कुलगुरू होते हाविएर बार्रोस सिएर्रा. पेशाने अभियंता, आधीच्या सरकारात बांधकाम खात्याचे मंत्री राहिलेले. म्हणजे व्यवस्थेतलाच माणूस. त्यांनी विद्यापीठात राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवला आणि 1 ऑगस्टला हजारो विद्यार्थ्यांच्या पुढे चालत मोर्चा काढला. कुलगुरू विद्यार्थ्यांच्या पाठीशी आहेत असं निवेदन काढणं वेगळं आणि सैन्य शहरात असताना पहिल्या रांगेत चालणं वेगळं. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आदर वाटतो तो या माणसाबद्दल.

विद्यार्थ्यांच्या सहा मागण्या होत्या. राजकीय कैद्यांना सोडा, दंगलविरोधी दल बरखास्त करा, सरकारविरोधी मताला गुन्हा ठरवणारं कलम रद्द करा, अशा. ऑलिम्पिक रद्द करा ही मागणी त्यात नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो, कारण ही मुलं देशाचा सोहळा उधळायला निघाली होती असा प्रचार तेव्हा झाला. 13 सप्टेंबरला त्यांनी मूक मोर्चा काढला. काहींनी तोंडाला पट्ट्या बांधल्या होत्या. पाच दिवसांनी, 18 सप्टेंबरच्या रात्री, सैन्य विद्यापीठनगरीत घुसलं. चोवीस दिवसांनी जिथे जगभरचे खेळाडू संचलन करणार होते त्या स्टेडियमसमोर, रस्त्याच्या पलीकडे, विद्यार्थी आणि प्राध्यापकांना धरून नेत होते. कुलगुरूंनी राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही. सैन्य महिनाअखेरीस बाहेर पडलं.

आणि 2 ऑक्टोबरच्या संध्याकाळी शहरातल्या त्लातेलोल्कोच्या चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांच्या सभेवर गोळीबार झाला. किती माणसं मेली? सरकारने काही डझनांवर आकडा जाऊ दिला नाही, इतर अंदाज तीनशेपर्यंत जातात. यादी आजही पूर्ण नाही.

दहा दिवसांनी, 12 ऑक्टोबरला, विद्यापीठाच्या या मैदानात कबुतरं सोडण्यात आली. ज्योत पेटवली एन्रिकेता बासिलिओने. अडथळ्यांच्या शर्यतीतली वीस वर्षांची धावपटू. ऑलिम्पिकची मुख्य ज्योत पेटवणारी पहिली स्त्री. हातात मशाल घेऊन ती शुभ्र कपड्यांत त्या उंच पायऱ्या चढत गेली, तो क्षण मेक्सिकोच्या स्त्रियांच्या इतिहासात फार मोठा आहे. त्या आनंदात खोट नव्हती, आणि त्लातेलोल्कोचं दुःखही खरं होतं. दोन्ही एकाच शहराचं.

खेळांकडे वळू. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2240 मीटर उंचावर आहे. हवा विरळ, म्हणून धावणाऱ्या किंवा उडी मारणाऱ्या शरीराला तिचा अडथळा कमी. पण त्याच हवेत प्राणवायूही कमी, म्हणून लांब पल्ल्याच्या धावपटूचा जीव कासावीस होतो. त्यात ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच कृत्रिम धावपट्टी आली होती. परिणाम असा, की कमी अंतराच्या शर्यतींत विक्रमांची रांग लागली. जिम हाइन्सने 100 मीटर 9.95 सेकंदांत, टॉमी स्मिथने 200 मीटर 19.83 मध्ये, ली इव्हान्सने 400 मीटर 43.86 मध्ये पार केले. उलट 10,000 मीटरमध्ये ऑस्ट्रेलियाचा विक्रमवीर रॉन क्लार्क शर्यत संपताच कोसळला. पहिला आला केनियाचा नफ्ताली तेमू. उंचावर वाढलेल्या आफ्रिकी धावपटूंचं युग या मैदानावर ठामपणे सुरू झालं.

18 ऑक्टोबरला बीमन धावत आला आणि 8.90 मीटरवर जाऊन पडला. आधीचा विश्वविक्रम 8.35. एका उडीत 55 सेंटिमीटर! मोजमापासाठी बसवलेलं दुर्बिणीचं यंत्र तिथपर्यंत पोचेना, शेवटी पोलादी टेप आणून मोजलं. तो विक्रम 1991 पर्यंत टिकला. विरळ हवेचा वाटा होता हे खरं, पण तीच हवा त्या दिवशी सगळ्या स्पर्धकांना होती, हे विसरू नये. हातोडाफेकीत आपले प्रवीणकुमार याच मैदानावर उतरले होते; दूरदर्शनच्या महाभारतातले भीम म्हणून तुम्ही त्यांना ओळखता.

16 ऑक्टोबरच्या त्या विजयमंचावर तिघे होते, दोघे नव्हेत. स्मिथ आणि कार्लोस यांनी बूट काढले होते, पायांत काळे मोजे, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गरिबीची खूण म्हणून. रौप्यपदकाच्या जागी ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन, गोरा माणूस, त्यानेही छातीवर मानवी हक्कांच्या चळवळीचा बिल्ला लावला होता. स्मिथ आणि कार्लोस यांना संघातून काढून परत पाठवलं. 2006 मध्ये नॉर्मन वारला तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला हे दोघे ऑस्ट्रेलियात गेले. ज्या विद्यापीठाच्या मुलांना पंधरवड्यापूर्वी बोलण्याची किंमत मोजावी लागली होती, त्याच विद्यापीठाच्या गवतावर या तिघांनी न बोलता जगाला ऐकवलं. विद्यार्थ्यांचा आणि या तिघांचा आपसात ठरवून काही संबंध नव्हता. पण मी इतिहास शिकवताना 2 आणि 16 ऑक्टोबर या दोन तारखा मुलांसमोर एकत्रच ठेवतो.

मॅरेथॉनचाही शेवट इथेच होता. इथिओपियाचा मामो वोल्दे जिंकून तासाहून अधिक वेळ झाला होता, अंधार पडला होता, तेव्हा टांझानियाचा जॉन स्टीफन अखवारी गुडघ्याला पट्टी बांधून लंगडत आत आला आणि फेरी पूर्ण केली. थांबलेल्या थोड्या प्रेक्षकांनी त्याला टाळ्या दिल्या.

नंतरचा इतिहास मी भरभर सांगतो. विद्यापीठाचा फुटबॉल संघ ‘पुमास’ हा या मैदानाचा कायमचा रहिवासी. ह्यूगो सांचेस याच संघातून पुढे आला आणि रेआल माद्रिदला गेला. 1985 च्या मे महिन्यात अंतिम सामन्याला क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त गर्दी लोटली आणि एका बोगद्यात चेंगराचेंगरी होऊन माणसं दगावली, त्यात मुलंही होती. 1986 च्या विश्वचषकाचे काही सामने इथे झाले. 2007 मध्ये युनेस्कोने विद्यापीठनगरीचा मध्यवर्ती भाग स्टेडियमसकट जागतिक वारसा म्हणून नोंदवला. 2017 च्या सप्टेंबरमधल्या भूकंपानंतर शहरभरातून आलेली मदत इथे गोळा झाली. डबाबंद अन्न, औषधं, पाणी हातोहात पुढे देत विद्यार्थ्यांच्या साखळ्या लागल्या होत्या.

तुमच्यापैकी कोणी मेक्सिकोला गेलात तर रविवारी जा. पुमासचे घरचे सामने परंपरेने रविवारी भर दुपारी बाराला होत आले आहेत. मेट्रोच्या तीन क्रमांकाच्या मार्गाने कोपिल्को किंवा उनिवर्सिदाद स्थानकावर उतरा, डोक्याला टोपी असू द्या, उंचीमुळे पायऱ्या चढताना दम लागेल तो लागू द्या. आत शिरण्याआधी पूर्वेकडून जाऊन रिवेरांची भिंत बघा. आणि सामन्यात विद्यार्थ्यांची ‘गोया, गोया’ ही आरोळी उठली की तुम्हीही उभे राहा. ती आरोळी संघाच्या नावाने संपत नाही, विद्यापीठाच्या नावाने संपते.