गोळी, फवारा आणि दीड सेकंद

११ एप्रिल १९८६, मायामी. दोन सशस्त्र दरोडेखोरांची गाडी एफबीआयच्या आठ जणांनी अडवली. चकमकीच्या सुरुवातीलाच एक गोळी दरोडेखोरांपैकी एकाच्या दंडातून आरपार छातीत घुसली आणि हृदयाच्या जेमतेम इंचभर अलीकडे थांबली. जखम जीवघेणी होती. तरीही तो गोळ्या झाडतच राहिला. त्या दिवशी एफबीआयचे दोन जण मारले गेले, पाच जखमी झाले.

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बरं की पेपर स्प्रे, या वादात एक गोष्ट सगळेच धरून चालतात: गोळी लागली की माणूस जागच्या जागी कोसळतो. तो सिनेमात कोसळतो. पिस्तुलाची गोळी मेंदूला किंवा मानेतल्या मज्जारज्जूला लागली, तरच शरीर तत्क्षणी ढेपाळण्याची खात्री. हृदय निकामी झालं तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर माणूस दहा-पंधरा सेकंद हातपाय चालवू शकतो. हातात सुरा असेल तर तेवढा वेळ पुष्कळ झाला. मारणं वेगळं आणि थांबवणं वेगळं. आपल्याला हवं असतं ते थांबवणं.

पेपर स्प्रे नेमकं तेच करू पाहतो. मिरचीतलं कॅप्सेसिन डोळ्यांत आणि श्वासनलिकेत आग पेटवतं. डोळे मिटतात, ठसका थांबत नाही. अर्धा-पाऊण तास त्रास राहतो. पण वारा उलटा असेल तर तोच फवारा आपल्या तोंडावर येतो आणि नशेत बेभान झालेला माणूस कधी कधी त्यालाही जुमानत नाही.

टेझर म्हणजे तारांना जोडलेले काटे फेकून विजेचा झटका देणारं शस्त्र. त्याची गंमत वेगळीच. जॅक कव्हर या शास्त्रज्ञाने बनवलेलं सुरुवातीचं टेझर तारा फेकायला बंदुकीची दारू वापरायचं, म्हणून १९७६ मध्ये अमेरिकेत त्याची गणना बंदुकीतच झाली! आजच्या टेझरचेही किमान दोन काटे अंगात किंवा अंगालगतच्या कपड्यात रुतावे लागतात. एक चुकला किंवा जाड जाकिटात अडकला, की वार फुकट.

आणि वेळ? १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी दाखवलं, की सुरा घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. पर्सच्या तळाशी असलेलं कुठलंही शस्त्र, महागडं असो वा स्वस्त, तेवढ्यात हातात येत नाही.

समोरच्याकडे बंदूक असेल तर स्प्रे तोकडा पडतो, हे पिस्तूलवाल्यांचं म्हणणं खरंच आहे. पण हल्ला झाला तर मिनिटभराचा. पिस्तूल घरात वर्षानुवर्षं असतं. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या आहेत. तिथे बंदुकीने केलेला असा प्रयत्न दहापैकी जवळपास नऊ वेळा जीव घेतो. माझ्या मते हा वाद इथेच तोलायला हवा. चुकून मारलेला स्प्रे पाण्याने धुता येतो.

मॅसॅच्युसेट्समधल्या एका स्त्रीला तिचा पूर्वीचा जोडीदार छळत होता. एकदा तो तिच्या कामाच्या ठिकाणाबाहेर उभा राहिला. तिने स्टन गन, म्हणजे अंगाला टेकवून विजेचा झटका देणारं यंत्र, नुसती दाखवली, आणि तो निघून गेला. पुढे ती बाळगल्याबद्दल तिलाच दोषी ठरवलं गेलं. २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. त्या राज्यात पिस्तुलाला परवाना मिळत होता. स्टन गनवर मात्र सामान्यांसाठी सरसकट बंदी होती.