उसना लाल रंग

नमस्कार, श्रोतेहो.

आजच्या पाहुण्याचा फोटो पाहिला, तर कुणीतरी याला रंगाच्या डब्यात बुडवून काढलंय असंच तुम्हाला वाटेल. लाल शराटी. मानेपासून शेपटीपर्यंत लालभडक. काळी काय ती पंखांची टोकं. दक्षिण अमेरिकेचा उत्तर किनारा, व्हेनेझुएलातले यानोस नावाचे पाणथळ माळ आणि शेजारचं त्रिनिदाद बेट हा त्याचा मुलूख.

गंमत म्हणजे हा लाल रंग त्याचा स्वतःचा नाहीच. तो येतो कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांतून, आणि ती पक्ष्याच्या शरीरात तयार होत नाहीत. ती बनतात सूक्ष्म शैवालात. तिथून कोळंबी-खेकड्यांत जातात आणि त्यांना गट्टम करणाऱ्या शराटीच्या पिसांत येऊन बसतात. प्राणिसंग्रहालयात साध्या खाद्यावर ठेवलेला शराटी फिका पडत जातो. म्हणून तिथे खाद्यात ही द्रव्यं मुद्दाम मिसळावी लागतात. टोकांचा काळा रंग मात्र घरचा. तो मेलॅनिनचा, आणि मेलॅनिनमुळे पिसं चिवट होतात, लवकर झिजत नाहीत.

पिल्लू जन्मतः लाल नसतं. करडं-तपकिरी, पोटाखाली पांढरं. पुरता रंग भरायला साधारण दोन वर्षं लागतात.

हा पक्षी जेवण शोधतो ते बहुतेक चाचपडत. खाली वाकलेली लांब चोच चिखलात खुपसायची. काही वळवळलं की पकडलं! व्हेनेझुएलात त्याच्या पांढऱ्या चुलतभावाशी त्याच्या जोड्याही जमतात, पिल्लंही होतात. मग या दोन जाती की एकाच जातीचे दोन रंग? तज्ज्ञांचा वाद चालू आहे. पक्ष्यांना त्याची फिकीर दिसत नाही.

त्रिनिदाद आणि टोबॅगो 1962मध्ये स्वतंत्र झाले आणि लाल शराटी राजचिन्हावर जाऊन बसला. तरी मांसासाठी चोरून शिकार होतच राहिली. अखेर 2018मध्ये त्याला खास संरक्षण मिळालं. मारणाऱ्याला तिथले 1 लाख डॉलर दंड आणि 2 वर्षं कैद होऊ शकते.

तिथल्या कॅरोनी दलदलीत संध्याकाळी नावा दूरवर थांबतात. आधी एक थवा येतो, मग दुसरा, आणि बघता बघता खारफुटीचं हिरवं बेट लाल ठिपक्यांनी भरून जातं. नीट पाहिलं, तर मधूनमधून काही करडे ठिपकेही दिसतात. ती यंदाची पिल्लं.