सुक्याबरोबर ओलं
(डॅलसच्या मराठी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आपल्या याच शहरात सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी आहे. तुमच्यापैकी काहींची मुलं तिथे शिकत असतील. २५ फेब्रुवारी १९८७ रोजी तिथल्या पत्रकार परिषदेत एनसीएएचे, म्हणजे कॉलेजच्या खेळांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे, अधिकारी डेव्हिड बर्स्ट यांनी निकाल सांगितला: १९८७चा अमेरिकन फुटबॉलचा अख्खा हंगाम रद्द. निकाल सांगून झाल्यावर, प्रश्नोत्तरं चालू असताना, ते तिथेच चक्कर येऊन कोसळले. अमेरिकेत या शिक्षेला 'डेथ पेनल्टी' म्हणतात. फुटबॉलमधल्या बड्या संघाला ती त्यानंतर आजवर कधी दिली गेलेली नाही.

गुन्हा खराच होता, त्यावर पांघरूण घालायला मी उभी नाही. एका श्रीमंत पाठीराख्याच्या पैशातून १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१,००० डॉलर गुपचूप दिले गेले. १९८५मध्ये आधीची शिक्षा झालेली असतानाही हे चालूच राहिलं. का? तर आधी शब्द दिलेली मुलं पास होऊन बाहेर पडेपर्यंत पैसे द्यायचे, असं वरच्यांनी ठरवलं होतं. या वरच्यांत कोण होतं? विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष बिल क्लेमेंट्स. ते जानेवारी १९८७मध्ये टेक्ससचे गव्हर्नर झाले आणि मार्चमध्ये त्यांनी आपला सहभाग कबूल केला. गव्हर्नरपदाची मुदत मात्र त्यांनी १९९१पर्यंत पूर्ण केली.

आणि मुलं? निकालानंतर देशभरातल्या कॉलेजांचे प्रशिक्षक कॅम्पसवर येऊन थडकले. ज्याला जायचं त्याने दुसरीकडे जावं, अशी मुभा होती. निम्म्याहून अधिक संघ फुटला. १९८८चा हंगाम विद्यापीठाने स्वतःच रद्द केला. १९८९मध्ये बहुतेक नवख्या पोरांचा संघ मैदानात उतरला आणि ह्यूस्टनने त्यांना ९५-२१ असं झोडपलं. त्या पोरांतल्या बहुतेकांनी पैसे घेणं सोडाच, ज्या काळात पैसे वाटले गेले तेव्हा ती शाळेत होती.

मला हे इतकं का लागतं, ते सांगते. मी महाराष्ट्रात कॉलेजमध्ये खो-खो खेळायचे. शेवटच्या वर्षी झोनलच्या सकाळी आम्ही मुलीच मैदान आखत होतो, हाताला फक्की लागलेली होती, तेवढ्यात सरांनी बोलावलं. आमच्यातल्या एकीचं बोनाफाईड खोटं निघालं होतं. ते तिने नाही, ऑफिसातल्या कुणीतरी करून दिलं होतं. संघ बाद. ऑफिसातला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर हजर होता. आम्ही बारा जणी फक्कीच्या रेषेबाहेर बसून दुसऱ्यांचा सामना बघितला. माझ्यासाठी पुढचं वर्ष नव्हतं.

माझा सगळा मुद्दा एवढ्यावर उभा आहे. विद्यापीठाला शंभर वर्षं असतात, प्रशिक्षकाला तीस, खेळाडूला चार. शिक्षा जर हंगामांत मोजायची ठरवली, तर ज्याच्याकडे सगळ्यात कमी हंगाम आहेत त्याचंच सगळं जातं.

लॉस एंजेलिसच्या यूएससीचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचं बघा. तिथला फुटबॉलपटू रेजी बुश आणि त्याच्या घरच्यांना २००४-०५च्या सुमारास पैसे आणि सवलती मिळाल्या, असा ठपका एनसीएएने जून २०१०मध्ये ठेवला. दोन वर्षं हंगामाअखेरच्या सामन्यांवर बंदी आली आणि ३० शिष्यवृत्त्या कापल्या गेल्या. बुश केव्हाच व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला होता. प्रशिक्षक पीट कॅरोल जानेवारीतच सिअॅटलच्या व्यावसायिक संघाकडे निघून गेले आणि २०१४मध्ये त्यांनी तिथे सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचं अजिंक्यपद, जिंकलं. इकडे २०११च्या यूएससी संघाने दहा सामने जिंकले, आपल्या गटात पहिला आला, तरी अजिंक्यपदाचा सामना खेळायला गेला गटातला दुसराच संघ. ही मुलं २००४मध्ये शाळेत असतील. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आता कुणी विचारेल, मग संस्थेला मोकळं सोडायचं? मुळीच नाही. नुसत्या एका प्रशिक्षकाला हाकललं तर पैसेवाले पाठीराखे उद्या दुसरा आणतील. दुसऱ्याच्या लबाडीमुळे हरलेल्या संघांचाही विचार हवा, त्यांचेही हंगाम गेलेले असतात. दुखलं पाहिजे, पण खजिन्यात दुखलं पाहिजे.

उशिरा का होईना, एनसीएए तिकडे वळली आहे. निर्दोष खेळाडूंना शक्य तितकं शिक्षेपासून दूर ठेवावं, हे तत्त्व २०२२मध्ये तिच्या घटनेतच आलं. २०२३मध्ये टेनेसी विद्यापीठात नियमांची दोनशेहून जास्त उल्लंघनं निघाली. दंड झाला ८० लाख डॉलर, पण संघाला हंगामाअखेर खेळता आलं. ऑगस्ट २०२५मध्ये मिशिगन विद्यापीठाचा निकाल आला, तो मला सगळ्यात पटला. प्रतिस्पर्ध्यांचे डाव सांगणाऱ्या हातखुणा चोरून टिपण्याच्या प्रकरणात दोन हंगामांचं हंगामाअखेरच्या सामन्यांचं अपेक्षित उत्पन्नच दंड म्हणून काढून घ्यायचं ठरलं. मुलांनी खेळावं, पैसा मात्र विद्यापीठाला मिळू नये. माजी प्रशिक्षक जिम हार्बॉ यांच्यावर दहा वर्षांचा 'कारणे दाखवा' आदेश निघाला: ज्या कॉलेजला ते हवेत, त्याने आधी एनसीएएपुढे उत्तर द्यायचं. पण ते तोवर लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक संघात होते आणि तिथे हा आदेश चालत नाही. हे भोक बुजवायलाच हवं. प्रशिक्षकाच्या करारातच लिहून घ्या की पुढे दोष सिद्ध झाला, तर बोनस परत.

जुलै २०२५पासून तर कॉलेजं खेळाडूंना उघडपणे पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सुमारे दोन कोटी डॉलर. डॅलसमध्ये जे चोरून झालं, ते आज हिशेबात लिहून होतं. तेव्हाचं खोटं त्याने धुतलं जात नाही, पण त्या ६१,००० डॉलरची किंमत कुणी मोजली, हे आठवत राहतं.

डिसेंबर २०२४मध्ये डॅलसचं हेच विद्यापीठ राष्ट्रीय प्लेऑफमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या बाद फेरीत, पोचलं आणि पेन स्टेट विद्यापीठाकडून ३८-१० असं हरलं. मी तो सामना टीव्हीवर पाहिला. १९८७ हे ज्यांचं शेवटचं वर्ष होतं, ती मुलं आता साठीला आली आहेत. त्यांच्यातले जे दुसऱ्या कॉलेजात गेले नाहीत, त्यांच्या नावावर त्या वर्षाचा एकही सामना नाही.