फक्त ओठांनी ओढलेली काडी

नमस्कार श्रोतेहो. आज ‘फ्रीक्स’ या १९३२ सालच्या अमेरिकन भयपटाबद्दल बोलू या. दिग्दर्शक टॉड ब्राउनिंग. हा सोळाव्या वर्षी घरातून पळून सर्कशीत गेलेला माणूस, म्हणजे तंबूच्या मागे काय चालतं ते त्याला ठाऊक होतं. आदल्याच वर्षी त्याचा ‘ड्रॅक्युला’ गाजला होता. मग एमजीएम स्टुडिओसाठी त्याने हा सिनेमा केला आणि त्यात सर्कशीच्या जत्रेत काम करणारे खरेखुरे कलाकार घेतले. मेकअप नाही, मुखवटे नाहीत. कमरेखाली शरीर नसलेला जॉनी एक (‘एक’ हे त्याचं आडनाव), एकमेकींना जोडलेल्या जुळ्या बहिणी डेझी आणि व्हायोलेट हिल्टन, ठेंगणा हॅरी अर्ल्स. आणि प्रिन्स रँडियन.

मला खरं तर याच रँडियनबद्दल सांगायचंय. ब्रिटिश गयानात जन्मलेला हा माणूस. हात नाहीत, पाय नाहीत. अंगभर एकच घट्ट लोकरी कपडा. सिनेमात त्याच्या वाट्याला एक छोटासा प्रसंग आहे. शेजारी एक कसरतपटू आपल्या खेळाची बढाई मारत उभा आहे, आणि हा सिगारेट पेटवतो. बस, एवढंच.

पण कशी पेटवतो ते ऐका. काडी कशी ओढायची हे तुम्हाला सांगायला नको, आणि गूल ओलं झालं की काय होतं तेही. आता हेच काम फक्त तोंडाने करायचं. काडेपेटी उघडायची ओठांनी. आतली एकच काडी बाहेर काढायची, तीही गुलाच्या टोकाला ओठ न लावता, कारण थुंकी लागली की काडी वाया. मग मान फिरवून ती पेटीच्या कडेवर ओढायची. हलकी ओढली तर पेटत नाही, जोर लावला तर पेटी सरकते, आणि धरायला हात नाही. काडी पेटली की ज्योत नाकापासून दोन बोटांवर.

आणि खरी अडचण पुढेच आहे. सिगारेटही तोंडात आणि काडीही तोंडात! एकच तोंड दोन्ही टोकं कशी जुळवणार? रँडियन पेटलेली काडी पेटीवर ठेवतो, मग वाकून सिगारेट तिच्याजवळ नेतो, आणि झुरका घेतो. धावपळ नाही, चेहऱ्यावर ताण नाही. शेजाऱ्याचं बोलणं चालूच. ब्राउनिंगही घाई करत नाही, कॅमेरा शांत बघत राहतो.

(अशा प्रसंगाखाली आजकाल धूम्रपानाच्या इशाऱ्याची पट्टी येते. इशारा सिनेमाआधी द्यावा, जरूर द्यावा. पण नजर त्या ओठांवर खिळायला हवी तेव्हा ती खाली ओढून नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.)

या प्रसंगात भीती अजिबात नाही. सिनेमाचा पहिला भाग असाच जातो. दाढीवाल्या बाईला मूल होतं, हात नसलेली तरुणी पायाने जेवते, कुणाचं लग्न ठरतं. मग झुल्यावरची देखणी क्लिओपात्रा पैशासाठी ठेंगण्या हॅन्सशी (हे काम हॅरी अर्ल्सचं) लग्न करते, त्याला विष घालते, आणि लग्नाच्या जेवणात त्याच्या सोबत्यांच्या अंगावर दारू फेकते. शेवटी पावसात, चिखलातून ते सगळे सुऱ्या घेऊन सरपटत येतात. रँडियनसुद्धा, दातात सुरी धरून. काडी धरणारे ते ओठ आपण आधी पाहिलेत, म्हणून सुरी पाहून घाम फुटतो. इथे भीती दाखवायला वाद्यवृंदाची गरज पडलेली नाही. आजच्या भयपटांत दार उघडायच्या आधीच व्हायोलिन ओरडतात, ते मला मुळीच पटत नाही.

वेळ थोडा उरलाय, म्हणून बाकीचं झटपट. सिनेमा मुळात सुमारे ९० मिनिटांचा होता. चाचणी खेळात प्रेक्षक बिथरले आणि स्टुडिओने तो ६४ मिनिटांवर आणला. क्लिओपात्रावर झाड कोसळतं तो तुकडा गेला. म्हणून आज ती पावसात किंचाळत पळताना दिसते आणि पुढच्याच वेळी थेट विद्रूप होऊन जत्रेच्या खड्ड्यात. मधलं काहीच नाही. तुमच्या समजण्यात चूक नाही, फिल्मच कापलेली आहे. एवढं करूनही सिनेमा तोट्यात गेला. ब्रिटनमध्ये १९६३पर्यंत बंदी होती. १९९४ साली मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत, म्हणजे जपून ठेवण्याजोग्या सिनेमांच्या यादीत, त्याला जागा मिळाली.

तेव्हा पाहायचा असेल तर ६४ मिनिटांचीच प्रत घ्या. लक्षात ठेवा, ६४ मिनिटं. कापलेला भाग आजवर सापडलेला नाही, त्यामुळे ‘पूर्ण ९० मिनिटांची प्रत’ म्हणून कुणी काही विकत असेल तर पैसे देऊ नका. नमस्कार.